विश्लेषण : गावची कोठडी गेली कुठे? सुप्याची चावडी, १८७५चा उठाव आणि इंग्लंडमधली ‘आंधळी घरे’

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका खोलीच्या कोठड्या आजही उभ्या आहेत. त्या कायद्याने जपलेल्या आहेत आणि गावाच्या अभिमानाचा विषय आहेत. त्याच काळात महाराष्ट्रातल्या गावांतही माणसे कोंडली जात होती, पण त्या जागा आज दाखवता येत नाहीत. बारामती तालुक्यातल्या सुपे गावाचा इतिहास पाहिला तर त्या का हरवल्या हे कळते. त्यांच्याबरोबर कोणाच्या कैदेची आठवण पुसली गेली, हेही लक्षात येते.

इंग्लंडमधल्या या कोठड्या नेमक्या काय होत्या?

गावात दारू पिऊन धिंगाणा घालणारा, कोंबड्या चोरणारा किंवा जमीनदाराच्या रानात चोरून शिकार करणारा सापडला, की त्याला न्यायाधीशापुढे नेईपर्यंत कुठे ठेवायचे, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक गावापुढे असे. त्यासाठी चर्चच्या हद्दीतल्या गावाने, म्हणजे ‘पॅरिश’ने, स्वतःच्या पैशाने एक छोटी दगडी खोली बांधायची. बहुतेक खोल्यांत माणूस एक रात्र, फार तर दोन रात्री राही. कुठे तिला ‘राउंडहाऊस’ म्हणत, कुठे ‘केज’ म्हणजे पिंजरा. विल्टशर परगण्यात तिचे नाव ‘ब्लाइंड हाऊस’, आंधळे घर, कारण तिला खिडकीच नसे. मराठीत ‘अंधारकोठडी’ म्हणतात, तोच अर्थ.

सॉमरसेटमधल्या कॅसल केरी गावची गोल, घुमटाकार कोठडी १७७९ची आहे. ती बांधायला २३ पौंड लागल्याची नोंद आहे. ऑक्सफर्डशरमधल्या व्हीटली गावात १८३४मध्ये पिरॅमिडच्या आकाराची कोठडी उभी राहिली. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला ती चक्क नदीच्या पुलावर आहे. सरे परगण्यातल्या लिंगफील्डचा पिंजरा १७७३चा, आणि तिथला शेवटचा कैदी १८८२मधला एक चोरटा शिकारी. लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागातली १७८७ची कोठडी तर एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर जाऊन बसली आहे. सामना पाहणाऱ्या जगभरच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की खेळाडूंच्या छातीवरचा तो मनोरा म्हणजे दारुड्यांना डांबायची खोली आहे!

या कोठड्यांची किल्ली ज्याच्याकडे असे तो ‘कॉन्स्टेबल’ आजच्या अर्थाचा पोलीस नव्हता. गावकऱ्यांपैकीच एकावर वर्षभरासाठी हे बिनपगारी काम येई. १८३९च्या कायद्याने परगण्यांना पगारी पोलीस दल ठेवण्याची मुभा मिळाली आणि १८५६च्या कायद्याने ते सक्तीचे झाले. पोलीस ठाणी आली, ठाण्यांत लॉकअप आले आणि गावच्या कोठड्या रिकाम्या पडल्या. काहींत कोळसा भरला गेला, काहींत अवजारे. पण त्या पाडायला कोणाला फारसे कारण नव्हते. खोली इतकी लहान आणि भिंत इतकी जाड, की तिचा दुसरा काही उपयोगही होण्यासारखा नव्हता. पुढे १९४७च्या नगररचना कायद्यानंतर ऐतिहासिक वास्तूंची यादी होऊ लागली, तीत या कोठड्याही आल्या.

मग आपल्याकडे माणूस कुठे कोंडला जाई?

चावडीत. आणि चावडी ही कोठडी नव्हती, हाच सगळा फरक आहे.

गावाच्या मध्यावर, बहुधा मारुतीच्या देवळाजवळ, उंच जोत्यावर, पुढून मोकळी आणि लाकडी खांबांवर तोललेली ही इमारत म्हणजे गावचे सरकार होते. सारा इथे भरायचा, वाटण्या-हद्दींचे तंटे इथे मिटायचे, वाटसरू सरकारी माणूस इथे उतरायचा, कुलकर्ण्याचे दप्तर इथेच उघडायचे. मागच्या बाजूच्या बंद खोलीत दप्तराचे रुमाल राहत. वेळ पडली तर माणूसही तिथेच राही. कडीकुलपाची खोली नसेल तिथे लाकडी खोडा होता. दोन जाड ओंडक्यांना भोके पाडून त्यांत गुन्हेगाराचे पाय अडकवायचे, की तो बसल्या जागी कैद. आज आघाडीच्या जागावाटपात एखादा पक्ष ‘खोडा घालतो’ तेव्हा मथळा देणाऱ्याच्या मनात तो ओंडका नसतो, पण शब्द तिथलाच आहे. ‘मुसक्या आवळल्या’ हाही तसाच. दोन्ही दंड पाठीमागे बांधून चोराला चावडीवर आणायचे, त्याचे हे नाव.

गावच्या बंदोबस्ताची रचना १८१९मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात तपशिलाने आली आहे. पाटील हा गावचा मुख्य. त्याच्या हाताखाली राखणदार. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत गेला, की पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे थांबला त्या गावाने चोर तरी द्यावा, नाहीतर भरपाई. पुणे प्रांतात ही राखण मुख्यतः रामोशी आणि महार समाजाकडे होती.

इंग्रज कॉन्स्टेबल आणि मराठी पाटील यांच्यात एक मोठा फरक होता. तिथले काम वर्षाने दुसऱ्याकडे जाई. इथे ते वतन होते, बापाकडून मुलाकडे जाणारे. म्हणजे किल्ली पिढ्यानपिढ्या एकाच घरात, आणि पहारा पिढ्यानपिढ्या दुसऱ्या घरात. कैद्याला तालुक्याला पोचवणे, सरकारी भरणा सोबतीने नेणे, रात्री चावडी राखणे ही कामे महाराची. ज्या चावडीची तो राखण करी तिच्या जोत्यावर बसण्याचा त्याला अधिकार नसे. तो खालीच उभा राही. आत कोंडलेल्या माणसाची कैद दिवसाची, फार तर दोन दिवसांची. बाहेरच्या पहारेकऱ्याची जन्माची. महार वतनाचे हे जू काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८च्या कायद्याने.

पाटलाला माणूस कोंडण्याचा अधिकार होता का?

होता, आणि तो लेखी होता. मुंबई इलाख्याच्या १८६७च्या ग्राम पोलीस कायद्याने हा अधिकार दोन पायऱ्यांत दिला. किरकोळ मारहाण किंवा शिवीगाळ केलेल्याला कलम १४ खाली पोलीस पाटील २४ तासांपर्यंत कोंडून ठेवू शके. सरकारने ज्या निवडक पाटलांना खास अधिकार दिले होते, ते कलम १५ खाली ४८ तासांची कैद किंवा पाच रुपयांपर्यंत दंड करू शकत. मोठा गुन्हा असेल तर आरोपीला धरून पुढे पाठवायचे एवढेच.

‘२४ तास’ हा आकडा आज वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे राज्यघटनेचे कलम २२ सांगते. दोन्हींत गल्लत करू नये. आजचे २४ तास हे पोलिसांवरचे बंधन आहे. पाटलाचे २४ तास ही त्याने स्वतः दिलेली शिक्षा होती. तक्रार ऐकणारा, निवाडा करणारा आणि कडी लावणारा माणूस एकच. तो समंजस असेल तर रात्रीची भांडणे सकाळी थंड होत. नसेल तर काय होई, हे सांगायला कुठले रजिस्टर नको.

सुप्याचा संबंध कुठे येतो?

मोरगाव-चौफुला रस्त्यावरचे सुपे हे जुने परगण्याचे ठाणे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे ही जोडनावे एकत्र येतात. सुप्याचा पहिला प्रसिद्ध कैदी कोणी चोर नव्हता, खुद्द शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते होते. सुप्याचा कारभार त्यांच्या हाती होता. शिमग्याची पोस्त मागायला म्हणून महाराज गेले आणि मामाला कैद करून ठाणे ताब्यात घेतले, असे सभासदाची बखर सांगते. इतिहासकार ही घटना साधारण १६५६ची मानतात. मामांना पुढे कर्नाटकात शहाजीराजांकडे पाठवण्यात आले. पोस्त मागायला आलेल्या भाच्याने ठाणेच नेले, ही गोष्ट ऐकायला खुसखुशीत वाटते. पण सुप्याचे नाव जगाच्या इतिहासाच्या पुस्तकांत आले ते दोन शतकांनंतर, वेगळ्या कारणाने.

१२ मे १८७५, बुधवार. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि तो बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतले शेतकरी बाजाराला जमले आणि त्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद : खतावण्या, रोखे, गहाणखते. ते बाहेर काढले आणि जाळले. दुकाने लुटली गेली, पण माणसे मारण्याकडे जमावाचा रोख नव्हता. चोवीस तासांच्या आत तिथून चौदा मैलांवरच्या गावात एका मोठ्या सावकाराचे घर पेटले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच घडले. इतिहासात याचे नाव ‘दख्खनचे दंगे’.

सुप्याच्या आधी ठिणगी शिरूर तालुक्यात पडली होती. करडे गावात काळूराम मारवाडी या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्यांचे घर लिलावात घेतले आणि पाडायला सुरुवात केली. १८७४च्या अखेरीस गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणके सगळ्यांनी हात आखडले. सुप्यात या बहिष्काराचे रूपांतर जाळपोळीत झाले.

कारणे सुप्याच्या मातीतच होती. बारामती तालुक्याचा दक्षिण भाग आज नीरेच्या कालव्यावर हिरवा दिसतो. सुपे-मोरगावचा पट्टा मात्र जिरायती, पावसाच्या भरवशावरचा. आजही इथल्या गावांचे डोळे जनाई-शिरसाई योजनेच्या आवर्तनाकडे लागलेले असतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव पडले आणि हात आखडला गेला. नेमका त्याच सुमारास तीस वर्षांचा सारा संपून नवी आकारणी सुरू झाली. ज्या इंदापूर तालुक्यात १८३६मध्ये इंग्रजांनी रयतवारी मोजणीचा प्रयोग पहिल्यांदा केला, त्याच तालुक्यात १८६७मध्ये सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला.

एवढ्या लोकांना कोंडले कुठे?

सरकारी आकड्यांनुसार या उठावात ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला. एका खोलीत दोन भांडखोर रात्रभर ठेवण्यासाठी असलेली व्यवस्था या आकड्यापुढे काय टिकणार? शिवाय ज्या पाटलाने कडी लावायची, तोही त्याच सावकाराचा ऋणको. ज्या राखणदाराने पहारा द्यायचा, त्याचेही नाव त्याच खतावणीत. गावची पोलीस व्यवस्था गावाविरुद्ध उभी राहू शकली नाही. पुण्याहून फौज आली आणि दंगा झालेल्या गावांवर पोलीस ठाणी बसवली गेली. साक्षीदार मिळवणे हे तपासातले सर्वांत अवघड काम ठरले. उरलेल्या ४५० जणांवर काहीच शाबीत झाले नाही, यावरून गावाने तोंड किती घट्ट मिटले होते याचा अंदाज येतो.

इंग्लंडमध्ये गावची कोठडी निकामी झाली ती पगारी पोलीस सक्तीचे झाले म्हणून. दख्खनमध्ये तिच्या मर्यादा उघड पडल्या त्या कर्जामुळे. कारभार त्यानंतर हळूहळू गावातून तालुक्याकडे सरकला. माणूस कोंडायचा तर तो कचेरीला जोडलेल्या कच्च्या तुरुंगात. तिथला अधिकारी मामलेदार. पुढे याच तुरुंगांना दुय्यम कारागृह म्हणू लागले.

उठावामुळे कैदेच्या कायद्यात काय बदलले?

सुप्याच्या बाजारात कागद जाळणाऱ्यांना फक्त जप्तीची भीती नव्हती. १८५९च्या दिवाणी कायद्याप्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम न भरणाऱ्या ऋणकोला सावकार तुरुंगात टाकू शकत होता, मोठ्या रकमेसाठी दोन वर्षांपर्यंत. कैद्याच्या जेवणाचा भत्ता मात्र सावकाराने भरायचा. त्यामुळे खरोखर तुरुंगात घालण्यापेक्षा वॉरंट दाखवणे जास्त किफायतशीर. खिशातले वॉरंट दाखवून नवा, वाढीव रकमेचा रोखा लिहून घ्यायचा, की काम झाले. कोठडीची नुसती सावली पुरत होती.

चौकशी आयोगाने या सगळ्याची छाननी केली. त्याचा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आणि १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली बरीच कलमे व्याज, हिशेब आणि कोर्टांबद्दल आहेत. पण एक कलम सरळ होते : पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही, तुरुंगात टाकता येणार नाही. खुद्द इंग्लंडमध्ये कर्जासाठी कैदेची पद्धत बऱ्याच अंशी १८६९मध्ये बंद झाली होती. म्हणजे जी गोष्ट तिथल्या पार्लमेंटने केली, ती दहा वर्षांनी सुप्याच्या आणि शेजारच्या गावांच्या रयतेला मिळाली. पाचशे एक माणसे शिक्षा भोगल्यानंतर.

हा कायदा शेतकऱ्याला कर्जातून सोडवू शकला नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी साठेखताचे, खोट्या विक्रीचे मार्ग शोधले आणि जमिनी जातच राहिल्या. तरीही ‘देणे थकले म्हणून माणूस कोंडायचा नाही’ हे तत्त्व इथे कायद्यात उतरले, याचे श्रेय सुप्याच्या बाजाराला द्यावे लागते. देशभरासाठी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात भूमिका घेतली : केवळ गरिबीमुळे पैसे देता न येणाऱ्या ऋणकोला तुरुंगात टाकता येणार नाही. दिवाणी कैद मात्र पूर्ण गेलेली नाही. ऐपत असून बुडवणाऱ्यासाठी ती आजही आहे. आणि सरकारी थकबाकीबद्दल बोलायचे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६च्या कायद्यात, थकबाकीदाराला अटक करून कचेरीत अटकावून ठेवण्याची तरतूद कायम आहे. सावकाराचा हात कायद्याने धरला, सरकारने आपला हात मोकळा ठेवला.

भिंतीविना कैद

चावडीशी जोडलेली कैदेची आणखी एक पद्धत होती, तिला खोलीच लागत नसे. तिचे नाव हजेरी. रामोशी, मांग, बेरड अशा समाजांतल्या माणसांनी ठरलेल्या वेळी चावडीवर येऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचे. गुन्हा केलेला असो वा नसो, जात पुरेशी होती. परगावी जायचे तर परवानगी. लग्नाला, मयताला जायचे तरी परवानगी. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९च्या ‘फकिरा’ कादंबरीत या हजेरीचे चित्र आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८मध्ये ही हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखात गुन्हेगार जमाती कायदा लागू राहिला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड जी वसाहत उभारली गेली, तिचे ‘सेटलमेंट’ हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला.

सुप्याच्या पश्चिमेला लागून पुरंदर तालुका आहे. तिथल्या भिवडीचे उमाजी नाईक हे रामोशी राखणदारांच्या घराण्यातले. पेशवाई गेली, किल्ल्यांची राखण गेली, वतने तुटली आणि राखणदार सरकारच्या कागदावर दरोडेखोर झाले. डिसेंबर १८३१मध्ये भोरजवळच्या उत्रोळीत उमाजी पकडले गेले. पुण्यात खडकमाळ आळीच्या मामलेदार कचेरीतल्या एका खोलीत त्यांना ठेवले होते आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी फाशी दिले. ही खोली आज स्मारक आहे. या सगळ्या पट्ट्यात ‘इथे अमुक माणूस कोंडला होता’ असे बोट ठेवून दाखवता येणाऱ्या फार थोड्या जागांपैकी ती एक. ती उरली, कारण तिच्यातला माणूस पुढे नायक म्हणून ओळखला गेला. नाव नसलेल्यांच्या खोल्या राहिल्या नाहीत.

चावड्या टिकल्या का नाहीत?

इंग्लंडच्या कोठडीला एकच काम होते. ते संपले तरी दगड राहिला. चावडीला दहा कामे होती, त्यामुळे ती कधी रिकामी पडली नाही आणि म्हणूनच सतत बदलत राहिली. १ जानेवारी १९६३पासून वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी गेली. १९६७मध्ये नवा ग्राम पोलीस कायदा आला आणि पोलीस पाटील हा नेमलेला, मानधनावरचा माणूस झाला. चावडीत तलाठ्याची सजा बसली, नाहीतर ग्रामपंचायत, रेशनचे दुकान, अंगणवाडी. लाकडी खांब वाळवीने खाल्ले, कौले गळू लागली, निधी आला, जुनी इमारत उतरवून स्लॅबची नवी उभी राहिली. नावही बदलले : ग्रामसचिवालय. यात गावाने काही चूक केली असे म्हणता येत नाही. गळक्या छपराखाली सातबारा ठेवायचा कसा? पण मागची बंद खोली त्याच वेळी गेली, आणि ती काय होती हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

दुसरे कारण मनातले आहे. इंग्लंडच्या गावात कोठडी ही बहुधा दारुड्यांच्या गमतीच्या गोष्टींची जागा होऊन बसली आहे. पर्यटकाला ती हसत दाखवता येते. इथली चावडी हसत दाखवता येत नाही. तिथे कोणी जोत्यावर बसले होते आणि कोणी खाली उभे होते, हे दोन्हीकडच्या नातवंडांना ठाऊक आहे. एकाला ती आठवण अडचणीची, दुसऱ्याला बोचरी. पाडून टाकणे दोघांनाही सोपे जाते.

राज्यातली सर्वांत नीट जपलेली गावचावडी कोणती, असे विचारले तर उत्तर बहुधा शिर्डी असे येईल. साईबाबा १९०९पासून एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपत, म्हणून ती राहिली. कर वसुलीची ती जागा भाविकांच्या श्रद्धेने वाचली. किल्ले आणि लेणी यांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण असते. शहरांमध्ये वारसा समित्या असतात. खेड्यातल्या शंभर-दीडशे वर्षांच्या साध्या सरकारी इमारतीकडे पाहणारे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी नाही. इंग्लंडमध्ये तेवीस पौंडांच्या खोलीला यादीत क्रमांक मिळतो तो ती सुंदर आहे म्हणून नव्हे, गावाचा कारभार कसा चाले हे ती दाखवते म्हणून.

बारामती-इंदापूर भागात तालुक्याच्या पातळीवर काही उरले आहे. बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पेशवाईतला हा बडा सावकार. त्याच्या वाड्यात पुढे सरकारी कचेऱ्या भरल्या. इंदापूरला मालोजीराजांच्या गढीवर तहसील कचेरी होती. या जागांकडे सरदारांच्या वास्तू म्हणून पाहिले जाते, ते बरोबरच आहे. पण त्यांच्या उंबऱ्यावर शंभर-सव्वाशे वर्षे जी गर्दी होती ती सारा भरणाऱ्यांची, तारखेला आलेल्यांची आणि बेड्यांत आणलेल्यांची. जतनाचे काम निघते तेव्हा फलकावर या गर्दीसाठीही दोन ओळी लिहायला खर्च येत नाही.

आता काय करता येईल?

सगळ्या चावड्या संग्रहालये करा, असे कोणी म्हणणार नाही. गावाला कार्यालय लागतेच. मात्र जुनी चावडी उतरवण्याचा ठराव होतो तेव्हा आधी तिची मापे घेणे, आतून-बाहेरून छायाचित्रे काढणे, मागच्या खोलीचे दार, कडी, खोडा असे काही शिल्लक असेल तर शाळेत नेऊन ठेवणे, एवढे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. सातबारा वाचून दाखवायला महसूल खाते गावोगाव ‘चावडी वाचन’ घेते. नाव चावडीचे, जागा बहुधा शाळेची किंवा देवळाच्या सभामंडपाची. त्याच बैठकीत गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना जुनी चावडी कुठे होती, आत काय होते, कोण कुठे उभे राही हे विचारून लिहून ठेवता येईल. ही माणसे आहेत तोवरच.

सुप्याच्या उठावाला २०२५मध्ये दीडशे वर्षे झाली. त्या घटनेचा धडा देशभरच्या बारावीच्या मुलांना एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, सुप्याच्या नावासकट. आयोगाच्या अहवालात सावकारांच्या नुकसानीचा आणि अटकेचा हिशेब आहे. मात्र ५०१ जण कोणत्या वस्त्यांतले होते, शिक्षा भोगून परत आल्यावर त्यांच्या जमिनींचे काय झाले, हे त्या गावांच्या जुन्या फेरफार नोंदींत आणि सातबाऱ्यांच्या मागच्या कागदांत शोधावे लागेल. ते कागद आता चावडीत नाहीत, तालुक्याच्या अभिलेख कक्षात आहेत. अर्ज करून त्यांची नक्कल मिळते.